विडी कामगार व कायदा

विडी वळणाऱ्या कारागिरास कायद्याने ‘कामगार’ मानावे की माल तयार करून देणारा स्वतंत्र कंत्राटदार, या प्रश्नाचा भारतातील इतिहास. या धंद्यास यंत्र लागत नाही. तेंदूची पाने, तंबाखू, दोरा, कात्री आणि मांडीवर सूप एवढे साहित्य पुरते. त्यामुळे काम कारखान्यातून घरात सहज नेता येते. विदर्भ, नाशिक, अहमदनगर आणि सोलापूर या भागांत ते बहुतांशी स्त्रियांच्या हाती राहिले. मजुरी दर हजारी ठरते आणि कारखानदार व कारागीर यांच्यामध्ये बहुधा ठेकेदार असतो.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामाचे तास व भरपगारी रजा यांची तरतूद केली. परंतु तिचा लाभ ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांनाच मिळे. चिंतामण राव खटल्यात (१९५८) सर्वोच्च न्यायालयाने सागर येथील सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार आहेत, असा निर्णय दिला. तंबाखू घेऊन जाऊन आपल्या जागी किंवा इतरांकडून विड्या करवून घेण्यास ते मोकळे होते. याउलट बिर्दीचंद शर्मा खटल्यात (१९६०) नागपूरच्या एका कारखान्यात बसून वळणारे कारागीर कामगार ठरले. उक्ती मजुरी आणि हवे तेव्हा घरी जाण्याची मुभा यांमुळे मालकाचे नियंत्रण नाहीसे होत नाही, असे न्यायालयाने मानले. मात्र पुढच्याच वर्षी शंकर बालाजी वाजे खटल्यात बहुमताने, न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत विरुद्ध असताना, जवळजवळ तशाच कारागिरास कामगारत्व नाकारण्यात आले. दोन्ही खटल्यांचे मूळ रजेच्या पगारात होते. रोज ठरलेल्या वेळी येण्याचे बंधन नसणे म्हणजेच स्वातंत्र्य, हा युक्तिवाद ज्याची चूल त्या दिवसाच्या विड्यांवर पेटते त्याच्या बाबतीत फारसा टिकणारा नव्हता.

ही संदिग्धता संसदेने विडी व सिगार कामगार (नोकरीच्या शर्ती) अधिनियम, १९६६ या कायद्याने दूर करण्याचा प्रयत्न केला. मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून कच्चा माल घेऊन घरी विड्या वळणाऱ्यांचा त्यात स्पष्ट समावेश झाला. ठेकेदारामार्फत काम करवून घेतल्यास जबाबदारी मुख्य मालकावर आली. कारखानदारांनी या कायद्यास आव्हान दिले. तथापि १९७४ मध्ये मंगलोर गणेश बीडी वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. १९७६ मध्ये उपकरावर आधारित कल्याण निधी स्थापन झाला. १९७७ मध्ये भविष्य निर्वाह निधीची योजनाही या उद्योगास लागू झाली. घरी काम करणाऱ्यांना तिचा लाभ मिळावा की नाही, हा वाद १९८५ मध्ये पी. एम. पटेल खटल्यात मिटला. तयार विड्या तपासून नापास करण्याचा अधिकार हेच मालकाचे नियंत्रण होय, असा त्या निर्णयाचा आशय आहे. नापास विड्यांची मजुरी बुडते; म्हणून जी गोष्ट कारागिरास सर्वांत जाचक, तीच त्याच्या कामगारत्वाचा पुरावा ठरली.

१९६६ च्या कायद्यात एक पळवाट मात्र राहिली. कोणाच्याही नोकरीत नसताना कुटुंबाच्या साहाय्याने स्वतःच्या घरी विड्या करणाऱ्यास तो लागू नव्हता. तिचा फायदा घेऊन काही व्यापाऱ्यांनी पाने व तंबाखू ‘विकण्याची’ आणि तयार विड्या ‘विकत घेण्याची’ पद्धत पाडली. कागदोपत्री कारागीर स्वतः उत्पादक बनला आणि रजा, निधी व किमान वेतन यांच्या बाहेर गेला.

कल्याण निधीचा उपकर वस्तू व सेवा कराबरोबर २०१७ मध्ये रद्द झाला. १९६६ च्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. घरी स्वतःसाठी विड्या करणाऱ्यास वगळणारी तरतूद तिच्यातही कायम आहे. त्याच वर्षीच्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग कामगार’ हा परंपरागत मालक-नोकर संबंधाबाहेरचा नवा वर्ग मान्य करण्यात आला. त्यांच्या सुरक्षेसाठी काम पुरविणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान द्यावयाचे असून, ते कामगारांना दिलेल्या किंवा देय रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक असणार नाही.