काचेत पेशी जगवणाऱ्या रणदिवेबाई

कर्करोगाचे निदान झाले की आमच्या गोव्यात घरातली माणसे ‘टाटाला न्यायचे का?’ असे विचारतात. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथल्या शल्यविशारदांची नावे रुग्णांच्या तोंडी असतात. त्याच परिसरात उंदीर, सूक्ष्मदर्शक आणि काचेच्या नळ्या यांच्यात आयुष्य घालवलेल्या डॉ. कमल रणदिवे यांचे नाव मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

त्या मूळच्या पुण्याच्या समर्थ. जन्म ८ नोव्हेंबर १९१७. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा, पण मुलीचा ओढा पेशीकडे. १९४३ साली सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम करून त्यांनी एम.एस्‌सी. केली. लग्नानंतर मुंबईत आल्यावर त्यांना गुरू भेटले ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. हे आडनाव वेंगुर्ल्याजवळच्या खानोलीचे, म्हणजे आपल्या सीमेपलीकडचेच. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली बाईंना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली.

पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर पेशी जगवण्याचे तंत्र शिकण्यासाठी त्याहून चांगली जागा नव्हती. याच गे यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतल्या पेशी अखंड वाढू लागल्या. त्या पेशी तिला न विचारता घेतल्या होत्या. जगभरच्या संशोधनाला त्यांचा उपयोग झाला, पण त्या बाईचे नाव कित्येक वर्षे जगाला ठाऊक नव्हते.

मी कला शाखेचा पदवीधर. पेशीसंवर्धन म्हणजे काय हे मला समजले ते असे: पेशीला शरीरासारखी ऊब हवी, क्षार, साखर आणि रक्तद्रव मिसळलेले खाद्य हवे, आणि ते वेळच्या वेळी बदलायला हवे. एक जंतू शिरला की महिन्यांची मेहनत फुकट. हे शिकून रणदिवेबाई परत आल्या आणि १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

त्यांचे मुख्य काम स्तनाच्या कर्करोगावर. उंदरांत या रोगाचा एक विषाणू आईच्या दुधातून पिलांकडे जातो, हे १९३६ साली अमेरिकेत बिटनर यांच्या प्रयोगांतून पुढे आले होते. आनुवंशिकता, संप्रेरके आणि हा विषाणू यांचा एकमेकांशी संबंध बाईंनी वेगवेगळ्या जातींच्या उंदरांवर तपासला. रोगाचे एकच कारण शोधत बसू नये, हा त्या कामाचा धडा. (आयाबहिणींनी घाबरू नये. माणसाच्या दुधाबाबत असे काही सिद्ध झालेले नाही. उलट अंगावर पाजणे स्तनाच्या कर्करोगापासून काही प्रमाणात संरक्षणच देते.)

दुसरे काम महारोगाचे. त्याचा जंतू काचेत वाढत नाही, ही वैद्यकातील जुनी अडचण. १९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी महारोग्याच्या शरीरातून मिळालेला एक जंतू संवर्धनात वाढवल्याचे प्रसिद्ध केले. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘आयसीआरसी’ जंतू म्हणून ओळखला गेला. पुढे इतरांनी त्यापासून लस केली आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले.

विद्वत्तेचा प्रभाव कशावर मोजायचा? निबंधांच्या संख्येवर मोजण्याची पद्धत आहे. मला वाटते, माणूस गेल्यावर त्याच्या खोलीत दुसऱ्यांना काय करता आले, हे पाहावे. रणदिवेबाईंच्या खोलीत पुढच्या पिढीचे संशोधक घडले. १९७३ साली त्यांनी सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. पुढे संघटनेने वाशीला वसतिगृह व पाळणाघरही चालवले. मूल सांभाळायला कोणी नाही म्हणून प्रयोग अर्धवट सोडावा लागणे म्हणजे काय, हे ओळखूनच हे झाले असणार.

१९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ११ एप्रिल २००१ रोजी त्या गेल्या. २०२१ च्या जन्मदिनी गूगलने त्यांचे चित्र लावले, तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच वाचले. मराठी घरातल्या या बाईची ओळख आपल्याला गूगलने करून द्यावी, याचे वाईट वाटते. आपल्या शाळांतल्या मुलींना तरी ती आपण आधी करून देऊया.