रोहतकचे मत आणि कराडचे मत

दिल्लीस बदली होऊन आलेला मराठी माणूस पहिल्या वर्षीच पानिपत पाहून येतो. तिकडे जाण्याचे कारण त्याला वारशानेच मिळालेले असते. रोहतकचा रस्ता मात्र त्याच्या वाट्याला येतो तो एखाद्या तपासणीच्या दौऱ्यामुळे, आणि तोही नाराजीनेच. आम्ही त्या वाटेने गेलो ते असेच. टिकरीची हद्द ओलांडली, बहादुरगड मागे पडले, की पुढे सांपला लागते. तेथे सर छोटूराम यांचा चौसष्ट फुटी पुतळा आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. शिल्पकार आपले राम सुतार, धुळ्याकडच्या गोंदूरचे; एवढ्यासाठी तरी गाडी थांबवायला हरकत नव्हती.

आज या पुतळ्याला हार घालण्यात कोणत्याच पक्षाला संकोच वाटत नाही. छोटूरामांच्या हयातीत स्थिती अगदी निराळी होती. या भागातला खेडूत काँग्रेसच्या विरोधात होता, आणि त्याला आपल्याकडे वळवावे की नाही, वळवायचे तर कशाच्या मोलाने, हा प्रश्न काँग्रेसला अखेरपर्यंत सुटला नाही. आपल्या महाराष्ट्रात तोच प्रश्न त्याच पक्षापुढे दोनदा उभा राहिला आणि दोन्ही वेळा त्याचे उत्तर वेगळे निघाले. सरकारी नोकराने पक्षोपपक्षांच्या वादात पडू नये हा दंडक आम्ही पाळीत आलो आहोत. परंतु इतिहासाला सेवानियम लागू नाहीत, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

छोटूरामांचा जन्म १८८१ सालचा, सांपल्याजवळच्या गढी गावातला. मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलेल्या त्यांच्या वडिलांना सावकाराने पंख्याची दोरी ओढायला लावले, अशी कथा त्या भागात सांगतात. सुप्याच्या सावकारविरोधी दंग्यांची हकीकत ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकली असेल, त्यांना या कथेचे मर्म उलगडून सांगण्याची गरज नाही. छोटूराम दिल्लीच्या सेंट स्टीफन्समधून पदवीधर झाले, वकील झाले, ‘जाट गॅझेट’ नावाचे पत्र त्यांनी चालविले. आणि विशेष हे की, ते काही काळ रोहतक जिल्हा काँग्रेसचे अध्यक्षही होते. १९२० साली असहकाराच्या प्रश्नावर मतभेद होऊन ते बाहेर पडले. पुढे १९२३ मध्ये फझल-इ-हुसेन यांच्याबरोबर त्यांनी युनियनिस्ट पक्ष उभारला. म्हणजे काँग्रेसने ज्याला ‘विरोधी’ म्हटले, तो मूळचा घरातलाच माणूस होता.

१९३७ च्या निवडणुकीत पंजाब विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला अवघ्या १८ मिळाल्या. मुंबई इलाख्याच्या विधानसभेतही जागा १७५ च होत्या. तेथे त्याच पक्षाला जवळजवळ निम्म्या लाभल्या. ही तुलना सरळ नव्हे, हे आम्ही जाणतो. पंजाबात स्वतंत्र मुस्लिम मतदारसंघांचे प्राबल्य होते आणि मताचा अधिकार मुख्यतः सारा भरणाऱ्यांपुरता होता. परंतु रोहतककडच्या हिंदू ग्रामीण मतदारसंघांतही युनियनिस्टांचीच सरशी झाली, तेव्हा सगळा दोष मतदारसंघांच्या रचनेवर टाकता येत नाही.

खरी कसोटी लागली ती निवडणुकीनंतर. छोटूराम मंत्री झाले आणि दोन वर्षांत कायद्यांची रांगच लागली. जून १९०१ पूर्वी गहाण पडलेल्या जमिनी मूळ मालकांना परत मिळाल्या, सावकारांना नोंदणी सक्तीची झाली, आणि १९३९ च्या कायद्याने बाजार समित्या स्थापन होऊन त्यांत उत्पादकांना दोन-तृतीयांश जागा मिळाल्या. मंडीतल्या व्यापाऱ्यांनी या विधेयकांना ‘काळी बिले’ म्हणून हाका मारल्या. काँग्रेस मोठ्या पेचात सापडली. पंजाबात तिचा आधार शहरात होता; वकील, व्यापारी, दुकानदार हे तिचे वर्गणीदार आणि तेच तिचे कार्यकर्ते. त्यांच्यापैकी कित्येकांनी तुरुंगवासही सोसला होता. विधेयकांना पाठिंबा द्यावा तर ही माणसे दुखावतात, विरोध करावा तर खेडे कायमचे जाते. पक्ष या दोहोंच्या मध्ये घोटाळत राहिला. खेडुताला सरकारधार्जिण्यांच्या नादी लागलेला म्हणणे सोपे होते. परंतु ज्याच्या हाती गहाणाची जमीन परत आली, त्याने ते ऐकून का घ्यावे?

छोटूरामांना देवत्व देण्याचाही आमचा मानस नाही. त्यांच्या पक्षात पश्चिम पंजाबातले मोठमोठे जमीनदार होते. जमिनीच्या हस्तांतरणावर बंधने घालणारा १९०० चा कायदा ज्या ‘शेतकरी जाती’ मानी, त्यांच्या यादीबाहेरच्या दलिताला जमीन विकत घेणेही दुरापास्त होते. त्या भूमिहीनाकडे या पक्षाने फारसे पाहिले नाही. बनिया सावकार हटला तेथे शेतकरी-सावकार बसला, हा आक्षेपही खोटा नव्हे.

आता आपल्याकडे वळू. पुण्यात ब्राह्मणेतर चळवळीचे खंदे पुढारी केशवराव जेधे हे एके काळी काँग्रेसचे कडवे विरोधक. काँग्रेस ही भटजी-शेटजींची, असे ते उघड म्हणत. १९३० च्या सुमारास काकासाहेब गाडगीळांनी त्यांना काँग्रेसमध्ये आणले. या मैत्रीची हकीकत गोड आहे, पण नुसत्या मैत्रीने हे घडले नाही. पुण्याच्या काँग्रेसमधल्या जुन्या मंडळींना आपल्या बैठकीतील जागा सोडावी लागली. जेधे पुढे प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, ते खेड्यात भरलेले पहिले, आणि तेथे शेतीविषयक कार्यक्रमही संमत झाला. महाराष्ट्राचा खेडूत काँग्रेसमध्ये शिरला तो असा, दार रुंद केल्यावर.

पण दार रुंद केले म्हणून आत आलेला कायम राहतोच असे नाही. स्वातंत्र्य मिळताच शेतकरी कामगार पक्ष निघाला, जेधेही त्यात गेले आणि १९५४ मध्ये परत आले. पाठोपाठ संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रातील काँग्रेस अक्षरशः धुऊन निघाली. पुण्यात खुद्द गाडगीळ पडले. कराडला यशवंतराव चव्हाण निवडून आले ते निसटत्या मताधिक्याने, आणि त्यांच्या विरोधात मत देणारे बहुतेक त्यांच्याच ओळखीपाळखीचे शेतकरी होते. मुख्यमंत्र्याला त्यांचा सूड घेता आला असता. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर पंडित नेहरूंच्या हस्ते शिवपुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा वाई-पसरणीच्या वाटेवर समितीने प्रचंड निदर्शने केली. ती शांततेत पार पडली, आणि महाराष्ट्राचे मन काय आहे ते पंतप्रधानांना पाहता आले.

यशवंतरावांनी पुढे जे केले त्याला ‘बेरजेचे राजकारण’ असे नाव पडले. या बेरजेतला पहिला आकडा पुष्कळ जण विसरतात. तो म्हणजे १ मे १९६०. विरोधकांची मूळ मागणीच मान्य झाली, तेव्हा कोठे विरोधकांना हाक मारण्याचे तोंड काँग्रेसला राहिले. मग यशवंतराव मोहित्यांसारखे शेतकरी कामगार पक्षाचे मोहरे आत आले. सहकारी साखर कारखाने उभे राहिले. १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा निर्माण झाल्या आणि तालुक्याच्या माणसाच्या हाती प्रथमच पैसा व अधिकार आला. १९६२ मध्ये विधानसभेच्या २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसकडे गेल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीस आले.

येथे आमच्या मनात एक शंका राहते. मते वळवावीत, याविषयी नव्हे. पण पुढारी वळले म्हणजे मतदार वळला, असे त्या बेरजेत हळूहळू धरले गेले. ज्याला कारखान्यात संचालकपद नाही, ज्याच्या शेतात ऊस नाही, अशा कोरडवाहू शेतकऱ्याची तक्रार विधानसभेत मांडणारा विरोधक उरला नाही. तीही पक्षातल्याच एखाद्या गटामार्फत, गटाला सोयीची असेल तेव्हाच, वर जाऊ लागली. पंजाबात काँग्रेसने मोल दिले नाही म्हणून खेडे गमावले. महाराष्ट्रात तिने मोल दिले, पण ते कोणाच्या हातात पडले याचा हिशेब पुढे कोणी फारसा पाहिला नाही.

छोटूराम ९ जानेवारी १९४५ रोजी लाहोरला वारले. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत युनियनिस्ट पक्ष कोसळला. त्यानंतर बारा वर्षांनी, म्हणजे १९५८ मध्ये, पंजाबचे राज्यपाल म्हणून कोण आले असावे? पुण्यात पडलेले आपले काकासाहेब गाडगीळ. रोहतक त्या वेळी पंजाबातच होते. जेध्यांना घरात आणणारा माणूस अशा रीतीने छोटूरामांच्या मुलखाचा राज्यपाल झाला, पण तोवर घटनेने त्याच्या हातून राजकारण काढून घेतले होते.

२०२० च्या नोव्हेंबरपासून पुढच्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत टिकरीच्या हद्दीवर, याच रस्त्यावर, शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या होत्या. वादात जे तीन कायदे होते त्यांपैकी एक बाजार समित्यांच्या आवाराबाहेरील खरेदीविक्रीचा होता. या प्रांतात त्या समित्यांचे मूळ १९३९ च्या कायद्यात आहे. तेव्हा दिल्लीत असलेल्या आमच्यापैकी कित्येकांना कचेरीला जायला रस्ते बदलावे लागले, आणि जेवणाच्या सुट्टीत दोन्ही बाजूंनी तावातावाने वाद झाले. छोटूरामांचे नाव त्या वादांत कोणी काढल्याचे आम्हांस स्मरत नाही.