ई-ट्विनिंग

ई-ट्विनिंग हा युरोपातील शाळांना आंतरजालाद्वारे जोडून वर्गातील अध्ययन संयुक्तपणे करण्यासाठी युरोपीय आयोगाने २००५ साली सुरू केलेला उपक्रम आहे. यात प्रामुख्याने भिन्न देशांतील दोन किंवा अधिक वर्ग ठरावीक काळासाठी एकच प्रकल्प हाती घेतात. पूर्वप्राथमिक ते उच्च माध्यमिक स्तरांवरील शिक्षक त्यात स्वेच्छेने सहभागी होतात. ट्विनिंग म्हणजे जुळे करणे. युरोपात दोन देशांतील नगरांनी परस्परांशी ‘जुळ्या नगरां’चे नाते जोडण्याची जी प्रथा आहे, तिचेच हे शालेय रूप मानता येते.

इतिहास

मार्च २००२ मध्ये बार्सिलोना येथे भरलेल्या युरोपीय परिषदेने आंतरजालाद्वारे शाळांच्या जोड्या जुळविण्याचा पुरस्कार केला. त्यानुसार जानेवारी २००५ मध्ये ई-ट्विनिंगचा आरंभ झाला. २००७ पासून तो आजीवन अध्ययन कार्यक्रमाचा आणि २०१४ पासून इरास्मस प्लस कार्यक्रमाचा भाग झाला. शिक्षण मंत्रालयांचे संघटन असलेल्या, ब्रुसेल्स येथील युरोपियन स्कूलनेट या संस्थेने मध्यवर्ती साहाय्य केंद्राचे काम पाहिले. सहभागी देशांमध्ये स्वतंत्र राष्ट्रीय साहाय्य संस्था आहेत. २०१३ मध्ये युक्रेन, जॉर्जिया, आर्मेनिया आदी शेजारी देशांतील शाळांना ‘ई-ट्विनिंग प्लस’द्वारे प्रवेश मिळाला. २०२२ मध्ये हा उपक्रम युरोपीय शालेय शिक्षण मंचावर हलविण्यात आला.

कार्यपद्धती

नोंदणी झालेल्या शिक्षकाला इतर देशांतील समविचारी शिक्षकांचा शोध घेता येतो. दोन शिक्षक मिळून प्रकल्पाची उद्दिष्टे, विषय आणि कालावधी ठरवितात. प्रकल्पाला मान्यता मिळाल्यावर त्यासाठी ‘ट्विनस्पेस’ नावाचे स्वतंत्र आभासी कार्यस्थळ उपलब्ध होते. विद्यार्थ्यांना तेथे केवळ आपल्या शिक्षकांच्या निमंत्रणावरूनच प्रवेश मिळतो. अल्पवयीन विद्यार्थ्यांची सुरक्षितता जपण्यासाठी ही मर्यादा घातलेली असून सर्वांना खुल्या असणाऱ्या समाजमाध्यमांपेक्षा ई-ट्विनिंग याच बाबतीत वेगळे ठरते.

शैक्षणिक तत्त्व

विद्यार्थ्याचे लेखन किंवा निरीक्षण एरवी केवळ त्याच्या शिक्षकापुरते राहते. येथे त्याला दूरच्या वर्गातील वाचक आणि सहकारी लाभतो. मात्र केवळ परिचय आणि छायाचित्रे यांच्या देवाणघेवाणीला सहकार्य म्हणता येत नाही. एका वर्गाचे काम दुसऱ्याच्या कामावाचून अपुरे राहावे, अशी प्रकल्पाची रचना असावी लागते. उदाहरणार्थ, उत्तर-दक्षिण अंतरावरील दोन शाळा एकाच दिवशी स्थानिक मध्यान्ही उभ्या काठीच्या सावलीची लांबी मोजून सूर्यकिरणांचा कोन काढू शकतात. दोन्ही कोनांतील फरक आणि शाळांमधील उत्तर-दक्षिण अंतर यांवरून एराटोस्थेनिसच्या पद्धतीने पृथ्वीच्या परिघाचा अंदाज करता येतो. एकट्या वर्गाला आपल्या मापनावरून हे उत्तर काढता येत नाही. एका शाळेचे मापन चुकल्यास दोघांचेही उत्तर चुकते. त्यामुळे अचूकतेची जबाबदारी विद्यार्थ्यांवर येते.

मूल्यमापन

पूर्ण झालेल्या उल्लेखनीय प्रकल्पांना ‘क्वालिटी लेबल’ हे गुणवत्ता चिन्ह दिले जाते. त्यासाठी अध्यापनातील नावीन्य, अभ्यासक्रमाशी सांगड, भागीदार शाळांमधील सहकार्य, तंत्रज्ञानाचा वापर आणि फलनिष्पत्ती यांचा विचार होतो. याशिवाय २०१८ पासून संपूर्ण शाळेचा गौरव करणारे ‘ई-ट्विनिंग शाळा’ हे चिन्हही दिले जाऊ लागले.

मर्यादा

वेगवेगळ्या देशांतील वेळापत्रके, सुट्ट्या आणि परीक्षांचा काळ जुळविणे अवघड असते. अनेक प्रकल्पांची संपर्कभाषा इंग्रजी असल्याने त्या भाषेत कच्चे असणारे विद्यार्थी मागे पडण्याची शक्यता असते. अशा वेळी चित्रे, आकडे, नकाशे किंवा ध्वनिमुद्रणे यांवर आधारलेली कामे उपयुक्त ठरतात. शाळांमधील संगणक व आंतरजाल सुविधांतील तफावतीचाही परिणाम होतो. संयुक्त नियोजनाचा भार मुख्यतः शिक्षकांवर पडतो. त्यासाठी शाळेने वेळ दिला नाही, तर प्रकल्प एका उत्साही शिक्षकावर अवलंबून राहतो आणि त्याची बदली होताच खंडित होण्याचा धोका असतो.