जावळ

आमच्या घरातील सर्वांत धाकटे माणूस नुकतेच चौदा महिन्यांचे झाले. पांगुळगाड्याला धरून ते ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि मध्येच गाडा सोडून क्षणभर निराधार उभे राहते. तेवढ्या क्षणापुरते सारे घर श्वास रोखून पाहते. त्याच्या डोळ्यांवर आलेले केस मागे सारीत आमच्या वृद्ध मातोश्री, म्हणजे त्याच्या पणजीबाई, एके सकाळी म्हणाल्या, ‘‘लेकराचं जावळ कवा काढायचं?’’

प्रश्न साधा होता, पण घरात शांतता पसरली. सूनबाई शहरातील धर्मग्रामात वाढलेल्या. ‘‘बाप्तिस्मा झालेल्या बाळाला जावळ कशाला?’’ असे त्यांना मनापासून वाटत होते. मातोश्रींना मात्र जावळाशिवाय बाळ पहिल्या वर्षातून बाहेर आले असे वाटेना. आम्ही दोघींच्या मध्ये उभे होतो. मुखेडसारख्या गावी राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांना ही जागा ओळखीची असेल. म्हणून या निमित्ताने आम्ही इतिहासात थोडे डोकावलो. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मुखेड हा नांदेड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगराळ भागातला तालुका. एका अंगाला उदगीर आणि जळकोट, दुसऱ्या अंगाला देगलूर, आणि पलीकडे कर्नाटकातील बिदर जिल्हा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. येथील पाळण्याला मराठीबरोबर कानडी आणि तेलुगू शब्दांचीही सवय आहे. आपली कॅथलिक घरे या भागात थोडी आणि विखुरलेली आहेत. अमरावतीपासून वेगळे होऊन औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला तोच मुळी १९७७ साली. तेव्हा आमच्या घरातील चालीरीतींचे वय आमच्या श्रद्धेच्या वयापेक्षा पुष्कळ मोठे आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

त्या रीती कोणत्या? पाचव्या दिवशी पाचवी. त्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, ही समजूत. मग बाराव्या दिवसाचे बारसे, सव्वा महिन्याने बाळंतिणीचे घराबाहेर पडणे, सहाव्या-सातव्या महिन्यात मामाच्या हातून उष्टावण, पहिल्या संक्रांतीचे बोरन्हाण आणि पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी मामाच्या मांडीवर जावळ. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोड्यांच्या आणि गुरांच्या बाजारासाठी तिची ख्याती दूरवर आहे. परंतु पोराचे जावळ खंडोबाला बोललेली कितीतरी कुटुंबे याच वाटेने गेलेली आहेत.

या साऱ्याला केवळ अंधश्रद्धा म्हणून हिणवण्यापूर्वी एक आकडा पाहावा. १९५१ च्या सुमारास आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १४६ बालके पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वी जात. देवी, गोवर, हगवण, धनुर्वात अशी नावे मागे असत. पाचवी, सव्वा महिना, उष्टावण, जावळ हे त्या काळच्या आईच्या लेखी सोहळ्यांपेक्षा अधिक काही होते. पुरात एकेक दगड चाचपीत नदी ओलांडावी, तसे ते टप्पे होते. ‘येथपर्यंत आलो’ असे म्हणून आई पुढचा दगड शोधीत असे.

आमच्या मातोश्रींची पहिली दोन लेकरे वर्षाच्या आत गेली. तिसरा मुलगा, म्हणजे आमचे थोरले बंधू, जन्मले तेव्हा त्यांचे नाव ‘दगडू’ ठेवले. दगडाला कोण नेणार? दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू ही नावे ज्यांना हास्यास्पद वाटतात, त्यांनी त्यांमागचे रडणे ऐकलेले नसते. मृत्यूच्या नजरेला आपले लेकरू टाकाऊ दिसावे, एवढीच त्या नावांतली विनवणी. बंधूंचे जावळ मातोश्रींनी माळेगावला बोलल्या होत्या आणि ते तेथे काढले. पुढे काही वर्षांनी आमच्या घराण्याने बाप्तिस्मा घेतला. आम्ही त्यानंतर जन्मलो. आमचे जावळ कोणी काढले, कधी काढले, हे कोणाच्याही लक्षात नाही. ‘‘ते आपल्यात नाही,’’ असे तेव्हा कोणीतरी सांगितले होते आणि मातोश्री गप्प राहिल्या होत्या.

‘ते आपल्यात नाही’ या वाक्याचा इतिहास जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. प्रभूची कथा मराठी ओवीत, आपल्या पुराणांच्या घाटात सांगण्याचे धैर्य त्या इंग्रज जेझुइटाने दाखवले. मात्र त्याच गोव्यात १७३६ साली धर्मन्यायासनाने काढलेल्या आज्ञापत्राने ख्रिस्ती घरांतील अनेक देशी चालींवर बंदी घातली. बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्रीचे जागरणही त्या बंदीतून सुटले नाही. अ. का. प्रियोळकर यांनी आपल्या अभ्यासातून त्या काळाचा हा दस्तऐवज वाचकांपुढे आणला आहे. घराच्या उंबऱ्याच्या आत, पाळण्यापाशी काय चालते, याची एवढी चौकशी व्हावी, हे आज वाचताना मन खिन्न होते. तरीही हे आज्ञापत्र नकळत एक साक्ष देते. बाप्तिस्मा होऊन पिढ्या उलटल्या, तरी आया सहाव्या रात्री जाग्याच राहत होत्या.

ख्रिस्तसभेलाही बाळाच्या जिवाची चिंता होतीच. १९१७ च्या धर्मविधिसंहितेने बालकाचा बाप्तिस्मा शक्य तितक्या लवकर करावा असे सांगितले. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकाच्या आत्म्याचे काय, ही भीती त्यामागे उभी होती. परिणाम असा होई की, बाळाला घेऊन धर्ममातापिता चर्चला जात आणि आई बाळंतिणीच्या खोलीत राही. मुलाच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या क्षणी त्याला जन्म देणारीच तेथे नसे. तिच्यासाठी पुढे वेगळा आशीर्वादविधी होता. आपला सव्वा महिना आणि हा विधी, दोन्ही ठिकाणी आई उंबऱ्याबाहेर थांबलेली दिसते.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने येथे वळण घेतले. ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीचे संविधान जाहीर झाले. लोकांच्या जीवनरीतीत जे भ्रम आणि अंधश्रद्धा यांच्याशी अतूटपणे बांधलेले नाही, त्याकडे ख्रिस्तसभा सहानुभूतीने पाहते आणि शक्य तेथे ते जतन करते, असा त्याचा आशय आहे. त्याच संविधानाने बालकांच्या बाप्तिस्म्याचा विधी नव्याने रचण्यास सांगितले. तो विधी १९६९ साली आला. त्यात मातापित्यांना पहिले स्थान मिळाले आणि आई आपल्या बाळाला घेऊन बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी आली. त्याच वर्षी भारतातील उपासनेसाठी आरतीसह बारा देशी अनुकूलनांना रोमची मान्यता मिळाली. पुढे २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांविषयीचे आपले चिंतन प्रसिद्ध केले. देवाच्या दयेवर भिस्त ठेवून त्यांच्या तारणाची आशा बाळगण्यास गंभीर आधार आहे, असे त्यात म्हटले आहे. ते आम्ही मातोश्रींना समजावून सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘मंग माजी दोन लेकरं हायत म्हना की.’’

आता जावळाकडे वळू. केस आणि नवस यांचा संबंध पवित्र शास्त्राला अपरिचित नाही. निपुत्रिक हन्नेने देवापाशी नवस केला, त्यात होणाऱ्या मुलाच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही असेही वचन होते. म्हणजे आमच्या मातोश्रींनी केस वाहिले आणि हन्नेने केस राखले, परंतु दोघींच्या ओटीतले मागणे एकच होते. संत पौलानेही एका नवसामुळे किंख्रिया येथे आपले डोके मुंडविले, असे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. पूर्वेकडील बायझंटाईन परंपरेत, तिच्यातील कॅथलिक ख्रिस्तसभांतही, बाप्तिस्म्याच्या विधीतच बालकाचे थोडे केस क्रूसाच्या आकारात कापतात. ज्याच्यापाशी देण्यासारखे दुसरे काही नाही, अशा जीवाचे ते देवाला पहिले अर्पण. पश्चिमेकडील मध्ययुगीन उपासनाग्रंथांतही प्रथम केस कापण्याच्या वेळची प्रार्थना आढळते. ‘ते आपल्यात नाही’ असे आम्हांला सांगणाऱ्याने ही पाने उलटली असती, तर मातोश्रींना इतकी वर्षे गप्प राहावे लागले नसते.

बालकाच्या इतर टप्प्यांचेही तसेच आहे. इसहाकाचे दूध तोडले त्या दिवशी अब्राहामाने मोठी मेजवानी दिली. शमुवेलाचे दूध तोडल्यावर हन्नेने त्याला शिलोच्या मंदिरात नेले आणि पुढे दरवर्षी ती त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेत असे. मूल वर्षभरात किती वाढले असेल, याचा अंदाज घेत दूरच्या आईने शिवलेला तो झगा. आपल्याकडील आजी नातवासाठी कुंची शिवते, तेव्हा तिच्या बोटांत तोच अंदाज असतो. होशेय प्रवाद्याने तर परमेश्वरालाच चालायला शिकविणाऱ्या पालकाच्या रूपात पाहिले. एफ्राईमच्या हातांना धरून त्याने त्याला चालायला शिकविले, असे तो सांगतो. आणि प्रभू येशूच्या अर्पणप्रसंगी मरिया व योसेफ यांनी जे आणले, ते गरिबांचे अर्पण होते, पक्ष्यांची जोडी. आमच्या मराठवाड्यातील गरीब घरांना तो अध्याय परका वाटत नाही.

आज भीती ओसरली आहे. देवीचा रोग १९७५ नंतर देशात दिसला नाही. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातील शेवटचा रुग्ण २०११ सालचा. २०२० सालच्या नोंदणीनुसार देशातील बालमृत्यूचे प्रमाण हजारी २८ आणि महाराष्ट्रात १६ इतके खाली आले. जुन्या टप्प्यांच्या जागी लसीकरणाचे कार्ड आले, अंगणवाडीतील वजनकाटा आला, मेणबत्त्या लावलेला केक आला. वाढदिवस ही आपल्या खेड्यांत तशी नवी गोष्ट. कित्येकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून अशी लिहिली, मग वाढदिवस कोणता साजरा करणार? बदल आनंदाचाच आहे. फक्त भीतीबरोबर कृतज्ञताही ओसरू नये, एवढेच वाटते. पूर्वीची आई प्रत्येक टप्प्यावर कोणापुढे तरी हात जोडून उभी राहत असे. आपण फोटो काढून घेतो आणि पुढे जातो.

आपल्यातील पुष्कळ कुटुंबांनी कृतज्ञतेच्या नव्या वाटा शोधल्याही आहेत. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला आणि सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला कडेवरच्या लेकरांची गर्दी पाहावी. प्रत्येक लेकरामागे एखादे न बोललेले निवेदन असते.

शेवटी आम्ही फादरांना विचारले. त्यांनी हो किंवा नाही असे सांगितले नाही. त्यांनी उलट विचारले, ‘‘जावळ कोणापुढे काढता आणि कशासाठी?’’ आम्ही घरी येऊन तोच प्रश्न मातोश्रींना केला. त्या म्हणाल्या, ‘‘ज्यानं दिलं त्याच्यापुढं. दिलं म्हनून.’’ सूनबाईंनी मान खाली घातली आणि मग त्यांनीच आपल्या भावाला निरोप धाडला.

जावळ आमच्या अंगणात झाले. पाटावर मामा बसला, त्याच्या मांडीवर बाळ. बाजूला मेज, त्यावर क्रूस आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी मिळालेली मेणबत्ती. फादरांनी छोटी प्रार्थना करून बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण केली. जेथे सटवाई लिहून जाते म्हणतात, तीच ती जागा. सूनबाईंनी होशेयाचा तो उतारा वाचला. न्हाव्याने पहिली बट कापली, आत्याने ती पदरात झेलली, आणि बाळाने सारे अंगण दणाणून सोडले. केस आम्ही लिंबाच्या मुळाशी पुरले. ज्यांचे जावळ कधी निघालेच नाही, त्या दोन लेकरांसाठीही मातोश्रींनी त्या वेळी एक ‘नमो मरिया’ म्हटली.

दुपारी पाहुणे पांगले. तुळतुळीत डोक्याचे आमचे बाळ ओसरीवर पांगुळगाड्याशी उभे होते. त्याने गाडा सोडला. या खेपेस ते थांबले नाही. पणजीच्या पसरलेल्या हातांपर्यंत चार पावले होती, ती त्याने एकट्याने टाकली.