पाच शेर खिचडी दोघांसाठी : आईन-ए-अकबरी वाचताना केलेली एक चूक

मित्रांनो, पेट पास झालात, प्रस्ताव लिहायला घेतलात आणि एखाद्या जुन्या साधनात आकडे सापडले, की फार बरं वाटतं. आकडा म्हणजे पुरावा, असं आपण धरूनच चालतो. माझंही तसंच झालं होतं. त्यातून झालेली चूक आज तुम्हाला सांगतो, म्हणजे तुमची तरी टळेल.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त शाही मुदपाकखान्यावर एक प्रकरण आहे. त्यात पदार्थांची मापं दिलेली आहेत. मी ती ब्लॉखमनच्या १८७३च्या इंग्रजी भाषांतरातून वाचली. खिचडीची नोंद अगदी छोटी आहे : तांदूळ, डाळ आणि तूप प्रत्येकी ५ शेर, मीठ १/३ शेर, यातून ७ डिशेस होतात. बस, एवढंच.

मी लगेच भागाकार केला. अकबराच्या काळी शेर ३० दामांचा ठरवला होता. एक दाम साधारण २१ ग्रॅमचा, म्हणजे शेर झाला अंदाजे ६३० ग्रॅम. ५ शेर म्हणजे ३ किलो १५० ग्रॅम. भागिले ७ केलं की एका डिशला ४५० ग्रॅम तांदूळ, ४५० ग्रॅम डाळ, ४५० ग्रॅम तूप. आणि मी प्रस्तावात बिनधास्त लिहिलं : ‘दरबारात माणशी जवळजवळ अर्धा किलो तूप खाल्लं जाई.’ त्यावर मुघल ऐश्वर्याबद्दल एक परिच्छेदही ठोकला.

सरांनी कागदावर एकच प्रश्न लिहून परत दिला : ‘डिश म्हणजे एका माणसाचं ताट, हे कशावरून?’

आता बघा, उत्तर त्याच प्रकरणात होतं. जेवण सोन्या-चांदीच्या, तांब्याच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांतून जायचं. ही भांडी कापडात बांधली जात, त्यावर मीर बकावलचा शिक्का बसे आणि लेखनिक त्यांची यादी करून सोबत धाडत असे. म्हणजे डिश हे वाढण्याचं भांडं होतं. शिवाय बादशहा दिवसातून एकदाच आणि पोट भरण्याआधीच थांबून जेवतो, असंही अबुल फजल सांगतो. मी प्रकरण वाचलं होतं, पण भागाकार करताना हे सगळं बाजूला ठेवलं होतं.

मग ठरवलं, खिचडी करूनच बघायची. दोघांसाठी १०० ग्रॅम तांदूळ, १०० ग्रॅम डाळ, १०० ग्रॅम तूप. मीठ आलं साधारण साडेसहा ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा आणि वर चिमूटभर. चव घेतली तर मीठ बरोबर! ही गोष्ट महत्त्वाची आहे. मिठाचं प्रमाण आजच्या जिभेलाही पटतं, म्हणजे नोंद निव्वळ कल्पनेतली दिसत नाही. तूप मात्र वर तरंगत होतं. नोंद चुकली असेल का? त्याच यादीत जर्द बिरिंज या गोड भाताला १० शेर तांदळास साडेतीन शेर तूप आहे. म्हणजे सढळ हाताने तूप घालणं ही त्या स्वयंपाकघराची रीतच दिसते. एका आकड्याला त्याच्या शेजारच्या आकड्यांजवळ नेऊन बसवायचं, ते असं.

माझी अडचण झाली ती पाण्याशी. नोंदीत पाणीच नाही! वेळ नाही, आच नाही, भांड्याचा आकार नाही. आधी वाटलं, लिहिणाऱ्याला स्वयंपाक कळत नसावा. मग आपल्याकडच्या लग्नातला आचारी आठवला. तो यजमानाला सामानाची यादी देतो : तांदूळ इतका, डाळ इतकी, तेलाचे डबे इतके. त्या यादीत पाणी कधी असतं का? नसतं, कारण पाणी दुकानातून आणायचं नसतं. आईनमधली नोंदही मला तशीच वाटते. कोठारातून काय निघालं आणि किती भांडी भरली, याचा तो हिशेब आहे. बऱ्याच पदार्थांत १० शेर हा गोल आकडा पुन्हा पुन्हा येतो, त्यावरूनही हेच सुचतं.

आणि गंमत अशी, की तांदूळ, डाळ, मीठ सरळ भागाकाराने कमी करता येतात. पाणी येत नाही. मोठ्या देगेत सामानाच्या मानाने वरचा पृष्ठभाग कमी असतो, त्यामुळे वाफ होऊन जाणाऱ्या पाण्याचा वाटा कमी. देग उतरवली तरी आतल्या उष्णतेवर शिजत राहते. घरच्या छोट्या पातेल्यात पाणी भराभर आटतं, म्हणून ते प्रमाणापेक्षा जास्त लागतं. हे बावर्च्याच्या हाताला माहीत होतं, लेखनिकाच्या वहीला नव्हतं.

शेवटी एक सूचना, मापाबद्दल. ‘शेर’ शब्द दिसला की थांबा. इंग्रजी अमलातला ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. मुंबईच्या बाजारातला जुना शेर सुमारे ३१८ ग्रॅमचा. आणि आपल्या आजीचा शेर तर वजन नव्हताच, ते चिपटं-मापटं-पायलीच्या रांगेतलं धान्य भरायचं माप होतं. शेर चुकला तरी खिचडीची चव बदलणार नाही, कारण परस्पर प्रमाण तेच राहतं. पण किती माणसं जेवली हा तुमचा निष्कर्ष दीडपट किंवा निमपट होऊन बसेल.

माझा तो परिच्छेद गेला. त्याच्या जागी आता तीन प्रश्न आहेत : हा आकडा कोणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि त्याला काय लिहायची गरज वाटली नाही? तुमच्या साधनातल्या पहिल्या आकड्याला हे तीन प्रश्न विचारून बघा. मगच कॅल्क्युलेटर काढा.