हजेरीपुस्तक आणि प्रवेशअर्ज

कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाला आज सगळे सीपीआर म्हणतात. जुन्या माणसांच्या बोलण्यात तो अजून थोरला दवाखानाच आहे. संस्थानच्या काळात त्याचं नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं. त्याच्या इतिहासात एक डॉक्टर अशी आहे, जिची नेमणूक झाली आणि जी कामावर कधीच रुजू होऊ शकली नाही.

डॉ. आनंदीबाई जोशी यांची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे, पण तिचं कोल्हापूरशी असलेलं नातं फारसं सांगितलं जात नाही. टपाल खात्यात नोकरीला असलेले तिचे पती गोपाळराव १८७८ साली कोल्हापुरात होते. पत्नीला अमेरिकेत शिकायला पाठवायचं त्यांनी ठरवलं आणि इथल्या मिशनऱ्यांमार्फत पत्रव्यवहार सुरू केला. आनंदी तेव्हा तेरा वर्षांची होती. त्यातलं एक पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी नियतकालिकात छापून आलं. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या ते वाचलं आणि आनंदीला पत्र लिहिलं. पुढे १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदी कलकत्त्याहून बोटीत बसली.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे तिने २८ ऑगस्ट १८८३ रोजी केलेला अर्ज आजच्या प्रत्येक प्रवेश समितीने वाचावा असा आहे. तिच्यामागे रीतसर शाळेची सलग वर्षं नव्हती. प्रवेशाच्या सगळ्या अटी कदाचित आपल्याकडून पुऱ्या होणार नाहीत, हे तिने लपवलं नाही. उलट स्वतःच लिहिलं, आणि आपलं प्रकरण वेगळं आहे म्हणून मेहरबानीने विचार व्हावा, अशी विनंती केली. पुरुष डॉक्टरला हात लावू देण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्याकडच्या बायकांसाठी हे शिक्षण हवंय, असं कारणही दिलं. महाविद्यालयाने तिला घेतलं. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना देशाची दारं बंद करणारा कायदा केला होता. त्याच देशातल्या एका महाविद्यालयाने कल्याणच्या अठरा वर्षांच्या मुलीच्या अर्जातली उणीव बाजूला ठेवून तिची गरज वाचली.

त्या निर्णयातून काय निघालं? तीन वर्षांनी आनंदीबाईंनी हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. इथल्या बाळंतपणाच्या रीती, समजुती आणि उपचार यांचा अभ्यास इथल्याच बाईने करावा, ही गोष्ट त्या काळात नवीच होती. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, तेव्हा समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. लगोलग कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली आणि त्यांनी ती स्वीकारली. पण परतल्या त्या क्षयाने खंगून. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. ज्या गावातून पहिलं पत्र गेलं, त्या गावचा वॉर्ड त्यांची वाटच पाहत राहिला.

ती जागा पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी भरून काढली. त्यांच्या आई रखमाबाई संस्थानात मुलींच्या शिक्षणाचं काम पाहत. कृष्णाबाई पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकल्या, मुंबईच्या ग्रँट मेडिकलमधून डॉक्टर झाल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाहू महाराजांनी त्यांना पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला पाठवलं. परत येऊन त्यांनी थोरल्या दवाखान्यात बायकांवर उपचार केले. आनंदीबाईंना परक्या देशाच्या मनाच्या मोठेपणावर विसंबावं लागलं होतं. कृष्णाबाईंच्या पाठीशी स्वतःचं संस्थान उभं होतं, आणि हा फरक मोठा आहे.

शाहूंनी हुशारीचं नुसतं कौतुक केलं नाही. हुशार मुलाच्या वाटेत नेमकं काय आडवं येतं, ते एकेक करून बाजूला सारलं. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा नाही, म्हणून १९०१ पासून वसतिगृहं. अस्पृश्य मुलांना कुणी जागा देत नाही, म्हणून १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग. मागासलेल्या समाजांना नोकरीत शिरकाव नाही, म्हणून २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम. पदवी नसलेल्या काही अस्पृश्य तरुणांना त्यांनी वकिलीच्या सनदासुद्धा दिल्या. ते कोर्टात उभे राहू शकतात, एवढं महाराजांना पुरेसं होतं.

दवाखानाही यातून सुटला नाही. १९१९ च्या जानेवारीत हुकूम निघाला, की सरकारी दवाखान्यात येणाऱ्या अस्पृश्य रुग्णांना सन्मानाने तपासलं पाहिजे. नमुना म्हणून मिरजेच्या अमेरिकन मिशनच्या दवाखान्याचं उदाहरण दिलं होतं. डॉ. विल्यम वानलेस यांचा तो दवाखाना, शाहूंच्या चांगल्या परिचयातला. ज्यांना असं वागणं जमणार नाही, त्यांनी सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, पेन्शन मिळणार नाही, असं महाराजांनी बजावलं.

याच्या आधी, १९१८ मध्ये, शाहूंनी महार, मांग, रामोशी आणि बेरड यांची हजेरी बंद केली होती. हजेरी म्हणजे गुन्हेगार समजून माणसांना रोज चावडीवर बोलावणं आणि वहीत नाव टिपणं. फासेपारध्यांनाही त्यांनी आसरा दिला, कामं दिली. बाकी देशात मात्र १८७१ मध्ये सुरू झालेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ पर्यंत पूर्णपणे रद्द झाला नव्हता.

तेव्हा वहीत नाव असणं हा जाच होता. आज कागदांची अडचण दुसऱ्या बाजूने येते: कागद नसणंच आडवं येतं. अमेरिकेत लहानपणी कागदपत्रांविना आलेल्या मुलांना २०१२ पासून काही काळ राहण्याची आणि काम करण्याची सवलत मिळाली. पण आरोग्य संशोधनाच्या प्रशिक्षणासाठी तिथल्या केंद्र सरकारच्या ज्या मोठ्या शिष्यवृत्त्या आहेत, त्या नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच मिळतात. अशी मुलगी प्रयोगशाळेत कितीही निपुण असली, तरी पात्रतेच्या यादीत तिचं नाव बसत नाही.

अशी अडचण यायला महाराष्ट्रातल्या पालावरच्या मुलीला परदेशात जावंही लागत नाही. राखीव जागेवर वैद्यकीय प्रवेश हवा, तर जातपडताळणी लागते. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख ठरलेली आहे. त्याआधी कुटुंब या राज्यात होतं, हे वंशावळीने आणि जुन्या नोंदींनी दाखवायचं. खोट्या दाखल्यांनी राखीव जागा लाटल्या गेल्या, म्हणून ही छाननी आली, हे खरं आहे आणि ती हवीही. पण ज्यांच्या घराण्याने गावकुसाबाहेर मुक्काम हलवत दिवस काढले, त्यांच्याकडून शाळेच्या रजिस्टरची नक्कल मागणं म्हणजे त्यांच्याकडे कधी नव्हतंच ते मागणं. अशा घरातल्या मुलीचं गुणपत्रक समोर असतं. तरी तिच्या आजोबांचा शाळेचा दाखला हवा असतो. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. त्यांचं नाव त्या काळी कुठे लिहिलं गेलंच असेल, तर ते हजेरीच्या वहीत.