बालदमा आणि टिक : दोन आजारांच्या उपचारांचा सामाईक इतिहास

टिक म्हणजे इच्छा नसताना पुन्हापुन्हा होणारी झटकन हालचाल किंवा तोंडातून निघणारा आवाज. डोळे मिचकावणे, खांदा उडवणे, नाक ओढणे, घसा खाकरणे हे तिचे नेहमीचे प्रकार. बहुतेक मुलांमध्ये टिक पाच-सात वर्षांच्या सुमारास सुरू होते, दहा-बाराव्या वर्षी जोर धरते आणि वयात आल्यावर बरीच ओसरते. दमा हा श्वासनलिकांचा विकार आणि टिक मेंदूतील हालचालींच्या नियंत्रणाशी जोडलेली, त्यामुळे दोहोंचा वरवर काही संबंध दिसत नाही. तरीही त्यांच्या उपचारांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. दोन्ही आजार दीर्घकाळ ‘नाजूक नसां’चे मानले गेले, दोन्हींचे खापर मुलाच्या स्वभावावर आणि आईबापांच्या वागण्यावर फुटले. ऋतू बदलला की धाप लागणाऱ्या आणि टिकही असणाऱ्या मुलाकडे आज कसे पाहावे, याचे बरेचसे उत्तर या इतिहासात सापडते.

दम्याचे ऋतूशी असलेले नाते फार पूर्वी ओळखले गेले होते. चरकसंहितेतील तमकश्वासाचे वर्णन दम्याशी जवळून जुळते. ढगाळ हवा, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी तो वाढतो, रुग्णाला आडवे होता येत नाही, बसल्यावर बरे वाटते, अशी निरीक्षणे तेथे आहेत. अडुळशाचा रस आणि औषधी धूर हे जुने उपाय. त्यांतला धुराचा उपाय पुढे समुद्रापार गेला. मद्रासमधील ब्रिटिश वैद्यकीय अधिकारी जेम्स अँडरसन दम्यासाठी धोतऱ्याचा धूर घ्यायला सांगत. १८०२ मध्ये जनरल जेंट यांच्यामार्फत ही पद्धत ब्रिटनमध्ये पोचली. एकोणिसाव्या शतकात धोतऱ्याच्या ‘दमा-सिगारेटी’ युरोप-अमेरिकेतील औषधांच्या दुकानांत सर्रास मिळू लागल्या आणि मुलांनाही दिल्या जाऊ लागल्या. धोतऱ्यातील ॲट्रोपिन श्वासनलिकांचे आकुंचन कमी करते, म्हणून आराम पडे. मात्र तेच द्रव्य मेंदूवरही काम करते. मात्रा जास्त झाली तर भ्रम होतो, बडबड सुटते.

परागकणांच्या त्रासाचा शोध लावणारे डॉक्टर स्वतःच त्याने पीडित होते. १८१९ मध्ये लंडनच्या जॉन बोस्टॉक यांनी दर उन्हाळ्यात होणारी डोळ्यांची जळजळ, शिंका आणि छातीतली घुसमट यांचे वर्णन वैद्यकीय सभेपुढे वाचले. तो रुग्ण ते स्वतःच होते. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी परागकण आपल्या नाकाला आणि खरवडलेल्या त्वचेला लावून पाहिले, पतंगांच्या साह्याने उंचावरच्या हवेतील परागकण गोळा केले आणि १८७३ मध्ये निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. दोष गवताच्या परागकणांचा आहे, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. तरीही दमा मुळात नसांचा विकार आहे हे मत टिकून राहिले. १८६० मध्ये दम्यावर ग्रंथ लिहिणारे हेन्री हाइड सॉल्टर यांचेही मत तेच होते. मांजराच्या सहवासाने येणारा दमा त्यांनी नोंदवला होता आणि झटक्यावर कडक काळी कॉफी सुचवली होती.

टिकचा अभ्यास याच काळात पॅरिसमध्ये आकाराला आला. १८२५ मध्ये झाँ इतार यांनी बालपणापासून अनैच्छिक हालचाली आणि ओरडणे असलेल्या एका सरदार घराण्यातील स्त्रीचे वर्णन केले. १८८५ मध्ये साल्पेत्रिएर रुग्णालयात मज्जातंतुतज्ज्ञ शार्को यांचे शिष्य जॉर्ज जिल द ला तुरेत यांनी नऊ रुग्णांची माहिती एकत्र मांडली. हालचालींच्या आणि आवाजाच्या अशा दोन्ही टिक ज्यात दीर्घकाळ राहतात, त्या विकाराला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

दोन्ही आजार एकाच नजरेने पाहिले जात, याचा ठळक पुरावा म्हणजे पॅरिसचे मज्जातंतुतज्ज्ञ एदुआर ब्रिसो. १८९६ मध्ये त्यांनी दमेकऱ्यांच्या दिनचर्येवर पुस्तक लिहिले. त्याची प्रस्तावना आद्रियाँ प्रूस्त यांची होती. त्यांचा मुलगा म्हणजे पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला मार्सेल प्रूस्त, जो नवव्या वर्षापासून दम्याने आणि परागकणांच्या त्रासाने ग्रासलेला होता. १९०२ मध्ये आंरी मेज आणि फाँदेल यांचे टिकवरील पुस्तक आले, त्याला प्रस्तावना याच ब्रिसो यांची. त्या पुस्तकात टिक म्हणजे इच्छाशक्तीचा दुबळेपणा, मनाची अपरिपक्वता असे मानले आहे. उपाय म्हणून आरशासमोर उभे राहून स्थिर राहण्याचा सराव, श्वासाचे व्यायाम आणि शिस्त सांगितली आहे. त्या काळी दमेकरी मुलालाही शांत, नियमबद्ध जीवनाचाच सल्ला मिळे. सराव आणि नियमितता यांचा काही फायदा खरोखर होई. त्यामागे मुलाच्या चारित्र्याबद्दल जो निवाडा दडलेला होता, त्याने मात्र पुढच्या दोन पिढ्यांचे नुकसान केले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दम्याच्या उपचारांना वेगळी दिशा मिळाली. १९०६ मध्ये क्लेमेन्स फोन पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ ही संकल्पना मांडली आणि १९११ मध्ये लंडनच्या लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागकणांच्या अर्काची वाढत जाणारी मात्रा टोचण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अ‍ॅड्रेनॅलिन १९०१ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे झाल्यावर दोनच वर्षांत दम्याच्या झटक्यावर त्याची सुई दिली जाऊ लागली. १९२४ मध्ये चेन आणि श्मिट यांच्या संशोधनामुळे चीनमधील पारंपरिक औषधी वनस्पतीतील एफेड्रिन पाश्चात्त्य वैद्यकात आले. चहाच्या पानात आढळणारे थिओफायलिनही दम्यावर वापरात आले. या औषधांनी श्वास मोकळा होई, पण हात थरथरत, झोप उडे, मूल बेचैन होई. ती बेचैनी दाबण्यासाठी एफेड्रिन, थिओफायलिन आणि गुंगी आणणारे फेनोबार्बिटल एकाच गोळीत घालण्याची प्रथा पडली. दम्याचे औषध मज्जासंस्थेला ढवळते हे डॉक्टरांना उघड दिसत होते. ज्या मुलाला आधीच टिक आहे त्याच्यावर याचा काय परिणाम होतो, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही, कारण टिक तोपर्यंत मनोविश्लेषकांच्या दालनात गेली होती.

१९२१ मध्ये शांदोर फेरेन्त्सी यांनी टिकचा संबंध दडपलेल्या वासनांशी जोडला. १९४० च्या दशकात मार्गारेट माहलर यांनीही तिच्याकडे मनोविश्लेषणाच्या चौकटीतून पाहिले. याच सुमारास, १९४१ मध्ये, शिकागोत फ्रेंच आणि अलेक्झांडर या मनोविश्लेषकांनी दम्याविषयी तसेच प्रतिपादन केले. आई दुरावेल या भीतीने दाबलेले रडणे म्हणजे दमा, असा त्यांचा रोख होता. अमेरिकेत मरे पेश्किन यांच्या पुरस्काराने बिकट दम्याच्या मुलांना आईवडिलांपासून वेगळे करून डेन्व्हरच्या निवासी संस्थेत महिनोन् महिने ठेवण्याची पद्धत रूढ झाली. काही मुले तेथे सुधारली. कोरडी पहाडी हवा आणि घरातील ॲलर्जीकारक घटकांपासून मिळालेली सुटका हे त्याचे एक संभाव्य कारण होते. श्रेय मात्र आईपासूनच्या दुराव्याला दिले गेले. १९६० च्या दशकात नेदरलँड्समधील फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी घरातल्या धुळीतील माइट हा सूक्ष्म जीव ॲलर्जीचा मोठा स्रोत असल्याचे दाखवले आणि १९६७ पर्यंत ॲलर्जीचे वाहक प्रतिपिंड ‘आयजीई’ ओळखले गेले. घरात दमा वाढतो हे आईबापांना दिसत होते ते खरेच होते, पण त्याचे कारण गाद्या-उशांतही होते.

औषधांतील मोठा बदल याच काळातला. मोजून फवारा देणारा इनहेलर १९५६ मध्ये अमेरिकेत रायकर कंपनीने बाजारात आणला. कंपनीप्रमुखांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने, केसांच्या फवाऱ्यासारखे औषध का मिळत नाही, असे विचारल्यावरून ही कल्पना निघाली, असे सांगितले जाते. पहिल्या पिढीतील फवारे हृदयावरही जोर देत. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये दम्याने मरणाऱ्यांची संख्या वाढली आणि दहा ते चौदा वयोगटात ही वाढ सर्वाधिक होती. १९६९ मध्ये आलेले साल्ब्युटामॉल श्वासनलिकांवर अधिक नेमके काम करणारे ठरले. १९७२ मध्ये बेक्लोमेथासोन हे श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड आले आणि उपचाराचा भर झटका शमवण्यावरून तो येऊ न देण्यावर गेला. सूज फुफ्फुसातच शमवली जात असल्याने शरीरभर औषध पसरण्याचे प्रमाण खूप घटले. टिक असलेल्या मुलांसाठी हा बदल विशेष मोलाचा होता. एफेड्रिन आणि थिओफायलिन यांची गरज यामुळे फार कमी झाली.

टिकच्या बाबतीत वळण आणले हॅलोपेरिडॉलने. १९६१ मध्ये फ्रान्समध्ये सेन्यो यांनी त्याचा उपयोग नोंदवला आणि १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या आर्थर आणि इलेन शापिरो या दांपत्याने, मनोविश्लेषणाने न हटलेली टिक या औषधाने कमी झाल्याचे प्रसिद्ध केले. विकाराचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, हे मत त्यामुळे बळावले. १९७२ मध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांनी अमेरिकेत संघटना उभारली. १९७३ मध्ये एझ्रिन आणि नन यांनी ‘सवय-बदल’ ही वर्तनोपचार पद्धत मांडली : टिकची चाहूल लागताच तिच्याशी एकाच वेळी करता न येणारी दुसरी हालचाल करायची. तिच्यावर आधारलेला उपचार १२६ मुलांच्या चाचणीत परिणामकारक ठरल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. आज टिकच्या त्रासावर हाच पहिला पर्याय मानला जातो. त्यात औषध नसल्याने दम्याच्या औषधांशी त्याचा संघर्षही होत नाही.

दोन्ही आजार आपापल्या शास्त्रात स्थिरावले, पण त्यांचे तज्ज्ञ वेगवेगळ्या इमारतींत बसू लागले. त्यामुळे जुन्या चुकीची जागा नवीन चुकीने घेतली. नाक ओढणे, घसा खाकरणे, खोकणे आणि डोळे मिचकावणे ही चारही लक्षणे टिकची असू शकतात, तशीच ॲलर्जीचीही. कित्येक मुलांना वर्षानुवर्षे सर्दीची औषधे मिळाली आणि होती ती टिक. याउलट, टिकचे निदान झालेल्या मुलाची खरी ॲलर्जी दुर्लक्षित राहते, आणि डोळ्यांची खाज किंवा वाहणारे नाक टिकला आणखी चेतवते. २०११ मध्ये तैवानच्या राष्ट्रीय आरोग्यविमा नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात तुरेत विकार आणि ॲलर्जीचे आजार एकत्र आढळण्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त दिसले. असा अभ्यास एकातून दुसरा उद्भवतो असे सिद्ध करत नाही, पण दोन्हींची शक्यता एकाच वेळी तपासणे का आवश्यक आहे, हे त्यावरून कळते.

फरक ओळखण्याच्या खुणा या अनुभवातूनच ठरत गेल्या. ॲलर्जीत खाज, पाणी आणि शिंका असतात, ठरावीक ऋतूत किंवा जागी त्रास वाढतो, ॲलर्जीच्या औषधाने उतार पडतो. दम्याचा खोकला रात्री किंवा पहाटे झोप मोडतो. टिक झोपेत बहुधा थांबते, ताणात किंवा उत्साहात वाढते, मन रमल्यावर कमी होते, थोडा वेळ दाबून धरता येते आणि काही आठवड्यांनी रूप बदलते.

महाराष्ट्रात ऋतूंचा क्रम युरोपपेक्षा वेगळा आहे. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, बुरशी आणि माइट वाढतात. दिवाळीच्या सुमारास गारवा आणि फटाक्यांचा धूर एकत्र येतात. गाजर गवत १९५० च्या दशकात प्रथम पुण्यात नोंदले गेले आणि तेथून देशभर पसरून त्वचेच्या व नाकाच्या ॲलर्जीचे कारण बनले. ‘पंप लागला की सुटत नाही’ हा इनहेलरबद्दलचा समज आणि ‘मुलाला वाईट खोड लागली आहे’ हा टिकवरचा शेरा, दोन्ही इथल्या घरांतून अजून ऐकू येतात. दोन्ही समज निराधार आहेत.

औषधांबाबत अलीकडे सावधगिरी वाढली आहे. दम्यावरील माँटेलुकास्ट १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. मनोवर्तनावरील परिणामांमुळे मार्च २०२० मध्ये तेथील औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा घातला. बाजारात आल्यानंतर नोंदलेल्या परिणामांच्या यादीत टिकचाही उल्लेख आहे. भारतात डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे सर्दीचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश निघाला. नाक मोकळे करणारी तोंडावाटेची उत्तेजक औषधे टिक असलेल्या मुलात विशेष जपून वापरावी लागतात. त्यांच्या जागी नाकातील स्टेरॉइड फवारा आणि गुंगी न आणणारी ॲलर्जीची गोळी हे पर्याय बहुधा पुरतात.

दोनशेहून अधिक वर्षांच्या या वाटचालीतून निघणारे सूत्र व्यवहारात पाळण्याजोगे आहे. टिक वाढेल या भीतीने दम्याचा प्रतिबंधक इनहेलर बंद करू नये, कारण नियंत्रणाबाहेर गेलेला दमा जिवावर बेततो आणि टिक तसा धोका बहुधा निर्माण करत नाही. साल्ब्युटामॉलने हात थरथरले किंवा मूल बेचैन झाले तर ते डॉक्टरांना सांगावे. औषध परस्पर थांबवू नये. नवीन औषध सुरू झाल्याची तारीख, ऋतू आणि टिकमधील चढउतार एकाच वहीत लिहावेत आणि ती वही बालरोगतज्ज्ञ, ॲलर्जीतज्ज्ञ आणि मज्जातंतुतज्ज्ञ या तिघांनाही दाखवावी. नाक ओढणाऱ्या किंवा डोळे मिचकावणाऱ्या मुलाला दटावू नये. त्या हालचालीत त्याचा काहीही अपराध नाही, आणि त्याच्या आईचाही नाही.